‘माठ’ की ‘कौल’? हॉलच्या भिंतींचा निकाल लागत नाहीये

ओसरी | १४ सप्टेंबर, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे.

साताऱ्यात आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, १९९६ चं बांधकाम. हॉल १६ बाय ११, उंची साडेनऊ फूट. पश्चिमेला गॅलरी, उत्तरेला एक खिडकी, खाली पॉलिश केलेला कोटा. गेली अकरा वर्षं भिंतींना तोच, सगळ्यांच्या घरी असतो तो ‘क्रीम’. यंदा मातीचा रंग द्यायचा हे मी, नवरा आणि सासूबाई असं तिघांनी एकमतानं ठरवलं. आमच्याकडे एकमत होत नसतं, त्यामुळे मी बेसावध राहिले.

शेडकार्डातून निवडता निवडता दोन उरले. त्यांची मूळ इंग्रजी नावं तोंडात बसेनात म्हणून आम्हीच बारसं केलं. एक ‘माठ’: दोन उन्हाळे वापरलेला, कोरडा माठ असतो ना, तसा. दुसरा ‘कौल’: पहिल्या पावसानं धुतलेलं कौल. कार्डावर दोघांत काडीपेटीइतक्या दोन चौकोनांचा फरक. दुकानदार म्हणाला, “मॅडम, दोन्ही एकच आहेत, कुठलाही घ्या.”

दोन्हीच्या २०० मिलीच्या डब्या आणल्या, स्विचबोर्डाशेजारी फूटभर फूट पट्टे मारले. मला सकाळी माठ आवडतो, संध्याकाळी कौल. रात्री ट्यूब लावली की दोन्ही नकोसे होतात. नवरा कौलावर ठाम आहे. सासूबाईंचं म्हणणं, “दोन्ही विटकरीच की. एवढं काय त्यात!”

पितृपक्षात काम सुरू करायचं नाही, मग घट बसणार. म्हणजे मिस्त्री दसऱ्यानंतरच्या सोमवारी येणार. तोवर निकाल लागायला हवा.

पमाकाकू | १४ सप्टेंबर, रात्री १०:५२

फोटो टाका.

झणझणीत | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

फोटो +१. आणि सासूबाईंना +१००.

ओसरी | १४ सप्टेंबर, रात्री ११:२०

फोटोंचा उपयोग नाही हो. नवऱ्याच्या फोनमध्ये दोन्ही गुलाबी येतात, माझ्या फोनमध्ये दोन्ही शेणकट.

जांभ्याचा चिरा | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

आधी हे स्पष्ट करा: कौल कुठलं? मंगलोरी की नळ्याचं? दोघांच्या रंगात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मंगलोरी कौल कारखान्याच्या भट्टीत एकसारखं भाजलेलं, तांबडंलाल. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळुरात १८६० च्या दशकात कारखाना काढला तेव्हापासून ते आपल्याकडच्या छपरांवर चढलं. नळ्याचं कौल गावच्या कुंभाराच्या आव्यातलं, एक लाल, एक पिवळट, एकाच्या पाठीवर धुराचा काळा डाग. तुमचं ‘कौल’ बहुधा मंगलोरी असणार.

ओसरी | १५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

मंगलोरी. आणि या प्रश्नामुळे मला उत्तराचा एक तुकडा मिळाला. कौलात लाल जास्त आहे, माठात पिवळा-तपकिरी जास्त. इतके दिवस ‘काहीतरी वेगळं आहे’ एवढंच म्हणत होते.

वऱ्हाडी ठेचा | १५ सप्टेंबर, सकाळी १०:०२

आमच्याकडे त्याला कवेलू म्हणतात. बाकी चालू द्या, वाचून राहिलो.

अर्धा कप | १५ सप्टेंबर, दुपारी ४:४५

मी शाळेत चित्रकला शिकवतो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतो. त्यामुळे यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना या रंगांच्या जोडीशी रोजचा संबंध. थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, माठ काय, कौल काय, गेरू काय आणि पिवडी काय, सगळा लोखंडाचा खेळ आहे. पिवळ्या मातीतल्या लोहाच्या खनिजात पाणी बांधलेलं असतं. तापवलं की ते पाणी उडतं आणि पिवळ्याचं लाल होतं. रंगपेटीतला ‘बर्न्ट’ शब्द तिथूनच आला, इटलीतल्या सिएनाची पिवळी माती भाजून. तेव्हा तुमच्या घरातलं भांडण एकच माती कमी भाजलेली हवी की जास्त, यावरचं आहे.

दुसरी गोष्ट, दोन्ही पट्टे शेजारीशेजारी मारलेत ना? तिथंच घोटाळा झाला. चिकटून ठेवले की डोळा त्यांच्यातला फरक फुगवून दाखवतो. माठ आहे त्याहून पिवळा दिसतो, कौल आहे त्याहून लाल. भिंतीवर मात्र दोघांपैकी एकच असणार, शेजारी तुलनेला कोणी नसणार. शिवाय सगळीकडून तुमचं जुनं क्रीम वेढून आहे, तेही आपला रंग घुसवतं. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रगालिचे विणणाऱ्या कारखान्यात शेव्ह्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा धागा विणल्यावर काळाभोर दिसत नाही, रंग कच्चा आहे. त्यांनी तपासलं तर काळा चोख होता, दोष शेजारच्या धाग्यांचा. १८३९ मध्ये त्यांनी त्यावर जाडजूड ग्रंथच लिहिला.

तेव्हा असं करा. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, दोन बाय तीन फुटांचे. कडेनं दोन इंच पांढरी पट्टी सोडा, आत दोन-दोन हात मारा. पहिले दोन दिवस फक्त एक पुठ्ठा हॉलमध्ये, दुसरा कपाटामागे. मग अदलाबदल. पुठ्ठा सगळ्या भिंतींवर फिरवा, कोपऱ्यात उभा करा, सोफ्याच्या पाठीमागे धरा. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावून. प्रत्येक वेळी मनात आलेला पहिला शब्द वहीत लिहा. वर्णन नको, एकच शब्द.

आणि फोटोंचं म्हणाल तर पांढरं कशाला म्हणायचं ते फोन स्वतःच ठरवतो. दोन फोन, दोन मतं. सोडून द्या.

पमाकाकू | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१०

बरं बाई, नको फोटो.

चुनखडी | १५ सप्टेंबर, रात्री ९:२५

कोल्हापुरात रंगकामाची कंत्राटं घेतो, २२ वर्षं झाली. सरांनी सांगितलेलं पुठ्ठ्याचं शंभर टक्के बरोबर. मी कामाचं बोलतो.

तुमच्या चारी भिंती मिळून ५१३ चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता ४२० धरा. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला १२०-१४० चौरस फूट जातं. म्हणजे सव्वातीन लिटर, चारचा डबा पुरेल. पण क्रीमवर एवढा गडद चढवायचा म्हणजे कुठं कुठं तिसरा हात लागतो, लिटरभर जास्तीचा घ्या. आणि जे घ्यायचं ते एकदम, एका दुकानातून, एकाच दिवशी मशीनवर मारून. सगळे डबे एका बादलीत ओतून ढवळा, मगच रोलर बुडवा. माझ्या एका कामात शेवटच्या भिंतीला लिटर कमी पडला, दुसऱ्या दुकानातून तोच नंबर आणला. दारामागं आजही पट्टा दिसतो. मालकांनी तिथं कॅलेंडर टांगलंय.

अजून एक. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, वाळलं की गडद. त्यातला चिकटा ओला असतो तोवर दुधासारखा पांढरा, वाळल्यावर पारदर्शक होतो. चुन्याचं उलटं, ओला गडद आणि वाळला की उजळ. तेव्हा पहिला हात मारल्यावर तासाभरात मला फोन करणाऱ्या ताईंमध्ये तुम्ही नसाव्यात ही इच्छा.

ओल आहे का? पश्चिमेची भिंत पावसात भिजते का? पोपडे असतील तर आधी खरवडून लांबी (पुट्टी) भरून घ्या. मातीच्या रंगावर भिंतीचा प्रत्येक खड्डा दिसतो. फिनिश मॅट घ्या. चकचकीत घेतलात तर गॅलरीतून आडवं ऊन आलं की लांबीचा प्रत्येक हात मोजता येईल.

झणझणीत | १५ सप्टेंबर, रात्री ९:४०

एवढा खटाटोप कशाला? खरा गेरू आणा, पाण्यात कालवा, द्या फासून. पन्नास रुपयांत काम. आपल्या आज्या काय शेडकार्ड बघत होत्या? (काडी टाकून पळतो.)

जांभ्याचा चिरा | १५ सप्टेंबर, रात्री १०:१५

पळू नका, ऐकून जा. गेरूला पिणारी भिंत लागते. सारवलेला कुड, मातीची भिंत, चुन्याचा गिलावा. वारली घरात शेणानं सारवलेल्या कुडावर गेरू बसतो आणि त्यावर तांदळाच्या पिठाची चित्रं, कारण खालची भिंत तो धरून ठेवते. अकरा वर्षांच्या प्लॅस्टिक पेंटवर नुसता गेरू फासलात तर पाहुण्यांच्या पाठी तांबड्या होतील.

आमच्याकडे गेरूला काव म्हणतात. गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या काही देवळांच्या भिंतींवर कावी काम आहे: पांढऱ्या चुन्यावर कावेचा थर द्यायचा आणि ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. ती काव टिकते, कारण ती गिलाव्याचाच भाग होते.

ओसरी | १८ सप्टेंबर, रात्री ११:००

पुठ्ठे झाले. मुलाचा प्रोजेक्ट आहे असं सांगून स्टेशनरीवाल्याकडून आणले, नाहीतर त्यानं शंभर प्रश्न विचारले असते. वहीतले शब्द जसेच्या तसे.

माठ. सकाळी ८: शांत. दुपारी १२: भाकरी. संध्याकाळी ५: मध. रात्री ट्यूबखाली: चिखल.

कौल. सकाळी ८: देऊळ. दुपारी १२: वीट. संध्याकाळी ५: भट्टी. रात्री ट्यूबखाली: गुलाबी(!).

हे माझे. नवऱ्यालाही वही दिली होती. त्यानं कौलासमोर चारही वेळा ‘छान’ लिहिलंय.

संध्याकाळी पाचला गॅलरीतून ऊन थेट आत येतं, समोरच्या भिंतीवर चढतं. त्या उन्हात कौलाचा पुठ्ठा पेटल्यासारखा दिसतो. दहा मिनिटं सुंदर. मग मला पंखा वाढवावासा वाटला, हवा गार असताना!

लिफीकाठ | १८ सप्टेंबर, रात्री ११:४०

तुमची भट्टी आम्हाला कुरिअर करा. डब्लिनमध्ये असते. आमची बैठकीची खोली उत्तरेकडे तोंड करून, ऊन कधीच आत येत नाही, येतो तो ढगातून गाळलेला निळसर उजेड. मी माहेरच्या ओट्याच्या आठवणीनं मातीचा रंग लावला, तुमच्या माठासारखाच, पिवळट तपकिरी. पंधरा दिवसांत कळलं की इथे तो नुसता करडा दिसतो. शेवटी त्याच्यावर लाल अंगाचा मारला, तेव्हा कुठे खोलीत ऊब आली. म्हणजे मी असते तर कौल, पण तुमच्याकडे पश्चिमेचं ऊन आहे. माझ्या अनुभवाचा अर्थ उलटा घ्या.

अर्धा कप | १९ सप्टेंबर, सकाळी ८:०५

लिफीकाठ, नेमकं सांगितलंत.

ओसरी, ट्यूब कुठली आहे? एलईडीच्या खोक्यावर ६५०० के असं छापलंय का? तो निळसर पांढरा उजेड. त्यात मातीच्या रंगाचा जीव जातो. शिवाय स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल जवळजवळ नसतोच. जो रंग उजेडात नाही तो भिंत परत कुठून देणार? ३००० के चा, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब आणा, खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेला. तोच ‘चिखल’ परत बघा.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमचा कोटा निळसर आहे की हिरवट?

ओसरी | १९ सप्टेंबर, सकाळी ९:१५

हिरवट. पुसल्यावर तर शेवाळासारखा.

अर्धा कप | १९ सप्टेंबर, सकाळी ९:२०

मग आज संध्याकाळी पुठ्ठ्यासमोरचा अख्खा कोटा सतरंजीनं झाका. कौल बघा. सतरंजी काढा, परत बघा. हिरव्यासमोर लाल जास्त लाल दिसतं. तुमची भट्टी निम्मी उन्हाची आणि निम्मी फरशीची असणार.

कोरा कागद | १९ सप्टेंबर, दुपारी १:३०

रंगाच्या धाग्यात फरशी, बल्ब आणि सतरंजी. पुढे बहुतेक सोफा बदलायला सांगतील. :)

चुनखडी | १९ सप्टेंबर, दुपारी २:१०

हसू नका. मी तर गिऱ्हाइकाला आधी पडदे दाखवा म्हणतो. पडद्याचं कापड शेडकार्डाला जुळवण्यापेक्षा शेडकार्ड पडद्याला जुळवायला सोपं. रंगाच्या छटा हजारात असतात, पडदा एकच असतो आणि त्याचे पैसे देऊन झालेले असतात.

ओसरी | २० सप्टेंबर, रात्री १०:३०

अहो, हे जादूसारखं आहे! सासूबाईंची आठ बाय दहाची जुनी सतरंजी, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, खाली अंथरली आणि कौल चक्क निवळलं. सतरंजी ओढली की परत पेटलं. नवऱ्याला दाखवलं. तीन वेळा ओढायला लावली, मग म्हणाला, “हं.” त्याच्याकडून हे पुष्कळ झालं.

बल्बही आणला. ३००० के खाली माठाचा चिखल गेला. आता ‘साजूक तूप’ असं लिहिलंय. कौलाचा गुलाबीही गेला, म्हणजे बल्बानं दोघांचंही भलं केलं. पेच तिथंच.

कंपनीच्या साइटवर भिंत किती उजेड परत फेकते त्याचा आकडाही असतो, शंभरपैकी. माठ २७, कौल २४. यावरून काही ठरतं का?

अर्धा कप | २० सप्टेंबर, रात्री १०:४५

तिनाच्या फरकावरून नाही. पण दोन्ही आकडे कमीच आहेत. साधी पांढरी भिंत ८० च्या पुढे असते. रात्री एका दिव्यावर भागणार नाही, कोपऱ्यात एक उभा दिवा लागेल. छत पांढरंच ठेवा.

पमाकाकू | २१ सप्टेंबर, दुपारी १२:२०

मी म्हणते चारी भिंती कशाला? एकच भिंत मातीची, बाकीच्या तीन ऑफव्हाइट. खोली लहान दिसणार नाही.

ओसरी | २१ सप्टेंबर, दुपारी १२:५०

काकू, एक भिंत वेगळी केली की ती कायम सांगत राहते, मी वेगळी आहे, माझ्याकडे बघा. मला अशी भिंत नको. चारी हव्यात.

दुपारचा चहा | २१ सप्टेंबर, दुपारी ३:३०

नुसतीच वाचत होते, आता राहवेना. ओसरी, तुमच्या यादीत दोन जातीची कारणं मिसळली आहेत. माठाची तक्रार एकच होती, रात्रीचा चिखल, आणि ती एका बल्बात मिटली. कौलाची तक्रार फरशीची आणि पश्चिमेच्या उन्हाची. कोटा उखडणार आहात का? गॅलरी दुसऱ्या दिशेला नेणार का? सतरंजी उन्हाळ्यात गुंडाळून ठेवणारच. लादी पुसायला, बसायला साताऱ्यातही गार कोटाच बरा.

आणि दुसरं. हॉलमध्ये तुम्ही जास्त कधी असता? सकाळी आठला की संध्याकाळी पाच ते दहा?

ओसरी | २१ सप्टेंबर, रात्री ९:५५

पाच ते दहा.

(आणखी काही लिहायला बसले होते, पण याच्यापुढे लिहिण्यासारखं काही सुचत नाहीये.)

जांभ्याचा चिरा | २१ सप्टेंबर, रात्री १०:१०

कौल पडलं म्हणायचं.

झणझणीत | २१ सप्टेंबर, रात्री १०:१२

मंगलोरी की नळ्याचं?

वऱ्हाडी ठेचा | २२ सप्टेंबर, सकाळी ८:४०

अवांतर: नावावर जाऊ नका. मागच्या वर्षी जयपूरला गेलो होतो. १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून शहर रंगवलं, तेव्हापासून सगळं जग त्याला गुलाबी म्हणते. मले तर तिथं गुलाबी काही दिसलं नाही. गेरूत थोडा चुना पडला असाच रंग आहे तो. बायको म्हणे हाच आपल्या ओसरीचा.

सगळ्यांना घटस्थापनेच्या शुभेच्छा.

ओसरी | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

चुनखडीदादा, मला माहीत आहे तुम्ही काय लिहिलं होतंत. तरी विचारते. पहिला हात मारून पाऊण तास झाला. भिंत बिस्किटासारखी दिसतेय. फिकट, गुलाबीसर, वर रोलरचे पट्टे. हे असंच असतं ना?

चुनखडी | ६ ऑक्टोबर, दुपारी १:२२

खोलीचं दार ओढून घ्या आणि मिस्त्रींना चहा द्या. तुम्हीही घ्या. चारनंतर बघा.

ओसरी | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०५

माठ आहे. माठच आहे. सॉरी.

ओसरी | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

काम संपलं. दोन हात पुरले, फक्त गॅलरीकडच्या भिंतीला तिसरा लागला. लिटरभर उरलाय, डब्यावर नंबर आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवलाय. स्विचबोर्ड बसवताना मिस्त्रींनी मुद्दाम दोन्ही पट्ट्यांचा एक कोपरा त्याच्या झाकणाखाली ठेवला आहे, “परत वाद झाला तर उघडून बघा” म्हणाले.

संध्याकाळचं सांगायचं तर पाच वाजता ऊन समोरच्या भिंतीवर चढतं. खाली सतरंजी नाही, उघडा कोटा. भिंत पेटत नाही. उन्हाचा चौकोन हळूहळू टीव्हीवरून सरकत दाराच्या चौकटीपर्यंत जातो आणि तिथं सागवान आणि भिंत दोन्ही एकाच रंगाचे होतात, साधारण पाच मिनिटं. हे पुठ्ठ्यावर कळलं नसतं.

नवरा अजून म्हणतो कौल जास्त छान दिसलं असतं. दिसलंही असतं कदाचित. सकाळी आठला नक्कीच.

कौलाची डबी निम्मी शिल्लक होती. परवा सासूबाईंनी मिस्त्रींकडून ब्रश मागून घेतला आणि गॅलरीतल्या तुळशीची कुंडी रंगवून टाकली. कडेला पांढऱ्या रांगोळीची वेलही काढलीये. मी विचारलं, “आई, दोन्ही विटकरीच होते ना?” तर म्हणाल्या, “भिंतीला. तुळशीला गेरूच लागतो.”

पमाकाकू | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

आता तरी फोटो टाका!!

कोरा कागद | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

मस्त. बाय द वे, छताला कुठला पांढरा दिलात? माझ्या बायकोनं चार पांढरे आणलेत, मला सगळे सारखेच दिसतात.

ओसरी | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:१८

वेगळा धागा काढा. आणि पट्टे शेजारीशेजारी मारू नका.